खोली मोजलीत का?

पडदे शिवायला टाकायचे तर आपण आधी खिडकी मोजतो. गादी घ्यायची तर पलंगाची लांबी-रुंदी दोऱ्याने घेऊन जातो, आणि कुकर घ्यायचा तर घरात खाणारी तोंडं किती, यावरच तीन लिटरचा की पाच लिटरचा ते ठरतं. पंगतीला तांदूळ किती भिजवायचे हे आपल्या आज्या नुसत्या नजरेने सांगत. मापाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायला नको. मग आठ-दहा-पंधरा हजार रुपये घालून हवा शुद्ध करणारं यंत्र, म्हणजे एअर प्युरिफायर, घ्यायला जाताना आपल्या हातात कसलंच माप का नसतं? दुकानदार विचारतो, "ताई, बजेट किती?" आपण आकडा सांगतो. तो त्या आकड्यात बसणारं मशीन काढून ठेवतो. खोली केवढी आहे हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

"हे प्युरिफायरचं खूळ दिल्ली-मुंबईवाल्यांचं, आपल्याकडे कशाला?" असं अजूनही पुष्कळजणी म्हणतात. पण केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेच्या मापदंडात न बसणाऱ्या शहरांची जी यादी झाली, तिच्यात सगळ्यात जास्त शहरं आपल्या महाराष्ट्रातली आहेत. मुंबई-पुण्याबरोबर त्यात अकोला आहे, अमरावती आहे, चंद्रपूर, जळगाव, जालना, लातूर, सांगली, कोल्हापूर, सोलापूरही आहे. आणि यादीत नाव नसलेल्या तालुक्याच्या गावी तरी काय वेगळं आहे? उसाच्या पट्ट्यात पाचट पेटवलं की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख उतरते. कुठे जिनिंगचा कापूस उडतो, कुठे वीटभट्टीचा धूर, कुठे औष्णिक वीज केंद्राची राख, आणि रस्त्याचं काम तर सगळीकडेच चालू असतं. थंडीत तर रात्रीची आणि पहाटेची हवा जमिनीलगत साचून राहते, वर जातच नाही. त्यामुळे 'सकाळची शुद्ध हवा' म्हणून आपण पहाटे सगळ्या खिडक्या उघडतो, ते डिसेंबर-जानेवारीत नेमकं उलटं पडतं. त्या दिवसांत दुपारची हवा बरी असते.

तेव्हा मैत्रिणींनो, माझं मत आधीच सांगून टाकते. प्रत्येक घराला या यंत्राची गरज नाही. पण ज्या घरात दम्याचं मूल आहे, रात्र रात्र उशीला टेकून बसून काढणारे सासरे आहेत, आयुष्यभर चुलीपुढे बसून छातीत घरघर लागलेली सासू आहे, तिथे ती चैनही नाही. मात्र घ्यायचं तर खोलीच्या मापाचं घ्यावं, नाहीतर घेऊच नये. लहान मापाचं यंत्र मोठ्या खोलीत ठेवलं तर पैसे जातात, ते एक वेळ परवडलं. पण त्याने घरात खोटा धीर येतो. 'मशीन आणलंय ना, मग आता बाळाला खोकला कसा?' असं म्हणत आपण इलाज करायला उशीर करतो, आणि उदबत्ती, कॉइल, फोडणीचा ठसका सगळं तसंच चालू ठेवतो.

यंत्राचं काम तसं साधं आहे. एका बाजूने हवा ओढायची, आतल्या गाळणीतून म्हणजे फिल्टरमधून काढायची आणि दुसऱ्या बाजूने सोडायची. आपण ज्याला धूळ म्हणतो ती डोळ्यांना दिसते, नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेरही पडते. खरा त्रास न दिसणाऱ्या कणांचा. पीएम २.५ म्हणतात ते हे कण, आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून बारीक. ते थेट फुफ्फुसात खोल उतरतात. आपल्या देशातल्या मापदंडाप्रमाणे दिवसभराची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती मर्यादा १५ वर आणली. यंत्राने हे कण पकडायचे असतात. पण तिकडे यंत्र पकडत असतं तेव्हा इकडे दाराच्या फटीतून, खिडकीतून नवे कण आत येतच असतात. भोक पडलेल्या होडीतून पाणी उपसण्यासारखंच हे. उपसणं येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असेल तरच होडी तरंगते. वाटीने उपसायचं की बादलीने, हा प्रश्न म्हणजेच यंत्राच्या मापाचा प्रश्न.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे या. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय लिहिलेलं असतं? '४०० चौरस फुटांपर्यंत', '५०० चौरस फुटांपर्यंत'. हा आकडा वाचून आपण खूश होतो, कारण आपली खोली तर सव्वाशे-दीडशे चौरस फुटांची. पण हा आकडा काढताना त्या खोलीतली हवा तासाला किती वेळा गाळली जाईल असं धरलंय, ते त्या मोठ्या अक्षरात नसतं. तासाला एकदा गाळली तरी 'कव्हर' केली म्हणता येतं आणि पाचदा गाळली तरी म्हणता येतं. सोळा माणसांना एक पोळी वाटली तरी 'सगळ्यांना वाढलं' म्हणता येतंच की! आणि त्या 'पर्यंत' या शब्दात किती गोष्टी लपतात, हे सेलच्या जाहिरातीत '५० टक्क्यांपर्यंत सूट' वाचणाऱ्या बायकांना मी वेगळं सांगायला नको.

खोक्यावर किंवा आतल्या माहितीपत्रकावर दुसरा एक आकडा बारीक अक्षरात असतो. त्याचं नाव सीएडीआर. म्हणजे ते यंत्र तासाला किती स्वच्छ हवा बाहेर टाकतं त्याचं माप. आपल्याकडे तो बहुतेक वेळा तासाला इतके घनमीटर असा लिहिलेला असतो. यंत्र विकत घेताना बघायचा आकडा हाच. रंग, रिमोट, मोबाइलवरून चालू करायची सोय, निळा दिवा, हे सगळं नंतर. हा आकडा ज्या यंत्रावर कुठेच छापलेला नाही आणि विचारल्यावर दुकानदारालाही सांगता येत नाही, ते यंत्र मी तरी घेणार नाही.

आणि आता हिशेब. घाबरू नका, दूधवाल्याच्या महिन्याच्या हिशेबापेक्षा सोपा आहे. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजायची. तिन्हींचा गुणाकार करायचा आणि आलेल्या उत्तराला सातने भागायचं. जो आकडा येईल, तेवढा सीएडीआर त्या खोलीला हवा, म्हणजे खोलीतली सगळी हवा तासाला पाच वेळा गाळली जाईल. सात कुठून आले? घनफुटाचे घनमीटर करणं आणि पाचने गुणणं, या दोन्हींचं मिळून ते सात होतं. एवढं लक्षात नाही राहिलं तरी 'गुणा आणि सातने भागा' एवढं राहील.

आपली नेहमीची झोपायची खोली बघा. १२ फूट लांब, १० फूट रुंद, आणि वर छत १० फुटांवर. गुणाकार १,२००. सातने भागले की १७१. म्हणजे १७० च्या आसपास सीएडीआर असलेलं यंत्र या खोलीला पुरेल. दहा बाय दहाची लहान खोली असेल तर १४३. हॉल १८ बाय १२ चा असेल तर एकदम ३०९. आणि हल्ली नव्या बांधकामात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंतच नसते. ते दहा बाय आठचं स्वयंपाकघर हॉलमध्येच मोजायला हवं, कारण हवेला काही कळत नाही की इथे हॉल संपला आणि तिथे ओटा सुरू झाला. मग तोच आकडा ४२३ होतो. आता ते ५०० चौरस फुटांचं खोकं परत घ्या. त्यावर सीएडीआर २५० लिहिलेला असेल, तर दहा फुटी छताखाली ५०० चौरस फुटांत ते तासाला दोनदाही हवा गाळत नाही. पाच वेळा गाळायची तर २५० गुणिले सात, १,७५० घनफूट, म्हणजे साधारण १७५ चौरस फुटांची एक खोली. पाचशेचे पावणेदोनशे झाले. यंत्र वाईट नाही हं, खोक्यावरचं अक्षर मोठं आहे इतकंच.

इंटरनेटवर किंवा इंग्रजी मासिकात एक वेगळा नियम वाचायला मिळतो, त्याने पुष्कळजणी फसतात. अमेरिकेतल्या घरगुती उपकरणं बनवणाऱ्यांच्या संघटनेचा तो नियम आहे. चौरस फुटांचा दोन-तृतीयांश म्हणजे सीएडीआर. नियम चांगला आहे, पण त्यांचा सीएडीआर मिनिटाला घनफुटांत असतो आणि आपल्या खोक्यांवरचा तासाला घनमीटरांत. त्यांचा १ म्हणजे आपला १.७. शिवाय त्यांनी छत आठ फुटांचं धरलंय. आपल्याकडे उन्हाळ्याच्या भीतीने छतं साडेनऊ-दहा फुटांवर घालतात, आणि जुन्या वाड्यातल्या माजघरात मान वर करून बघावं लागतं. १२० चौरस फुटांच्या खोलीला त्या नियमाने ८० येतात. ते ८० तसेच आपल्या खोक्यावर शोधून यंत्र आणलं, तर आपल्याला लागतं त्याच्या निम्म्याहूनही कमी माप घरात आलं. म्हणून उंची मोजायला विसरू नका. टेप पुरत नसेल तर झाडूच्या दांड्याला बांधून वर नेता येते, नाहीतर घरातल्या उंच भाच्याला बोलवा.

एवढं सगळं केल्यावरही एक गोष्ट कुणी सांगत नाही. सीएडीआर मोजतात तो यंत्राचा पंखा पूर्ण वेगात फिरत असताना. पूर्ण वेगातल्या यंत्राचा आवाज जुन्या कूलरसारखा येतो. दिवसा तो चालून जातो, पण रात्री? रात्री दहा वाजता 'बंद करा ते भोंगाड' असा आवाज घरातून आलाच म्हणून समजा. मग आपण ते झोपेच्या म्हणजे 'स्लीप'च्या बटणावर टाकतो. आवाज थांबतो, पण हवा गाळणंही बरंच खाली येतं, काही यंत्रांत तर पाव हिश्शावर. म्हणजे ज्या आठ तासांसाठी यंत्र आणलं, नेमक्या त्याच आठ तासांत ते नावापुरतं चालतं. यावर उपाय एकच. हिशेबाने जो आकडा आला त्याच्या दीडपट मापाचं यंत्र घ्यायचं आणि ते मधल्या वेगावर चालवायचं. १७१ आले असतील तर अडीचशेच्या आसपासचं बघा. झोपायच्या आधी तासभर दार लावून पूर्ण वेगात चालवा आणि निजताना मधल्या वेगावर आणा. विजेचं म्हणाल, तर मध्यम आकाराचं यंत्र साधारण पन्नास वॅट घेतं. दहा तास चालवलं तर अर्धं युनिट. खर्च विजेत नाही, फिल्टरमध्ये आहे, त्यावर पुढे येते.

दार लावून, असं मी म्हटलं खरं, पण आपल्या घरांत दार लावणं ही काही साधी गोष्ट नाही. चार माणसांच्या घरात सुनेने दुपारी बाळाला घेऊन खोलीचं दार लावून घेतलं, तर बाहेर काय काय बोललं जातं हे मला नव्याने सांगायला नको. 'दार लावून बसते', 'आम्ही काय परके आहोत का'. त्यामुळे होतं काय, की यंत्र चालू, दार सताड उघडं, आणि बिचारं यंत्र दोन खोल्या, जिना आणि अंगण यांची हवा गाळत बसतं. इतक्या हवेला पुरेल असं माप घरगुती यंत्रात मिळणारच नाही. यासाठी घरात आधीच मोकळं बोलून घेतलेलं बरं. दार माणसांवर लावलेलं नाही, धुळीवर लावलंय, हे डॉक्टरांच्या तोंडून सासूबाईंना ऐकवता आलं तर उत्तम. तपासायला जाताना त्यांना बरोबरच न्या. डॉक्टरांचा शब्द जरा जड पडतो. आणि कौलारू घर असेल, पत्र्याचं असेल, भिंत आणि छत यांच्यात हात जाईल एवढी फट असेल, तर अशा घरात प्युरिफायरचे पैसे घालू नका, हे मी स्पष्टच सांगते. त्या पैशात एका खोलीला आतून छत करून घ्या, फटी बुजवा, जाळ्या लावा. उपयोग जास्त होईल.

आता यंत्र ठेवायचं कुठल्या खोलीत? बहुतेक घरांत ते हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी, शोकेसच्या खाली विराजमान होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतं, 'नवीन घेतलंत वाटतं?' असा प्रश्न येतो. हॉल घरातली सगळ्यात मोठी खोली, दारं सगळ्यात जास्त, माणसांची ये-जा सगळ्यात जास्त, आणि तिथे आजारी माणूस बसतो दिवसातून दोन तास. उलट तोच माणूस आठ-नऊ तास झोपतो ती खोली लहान, एका दाराची. पैसे एकाच यंत्रापुरते असतील तर ते तिथे जायला हवं. घरात सगळ्यात अशक्त छाती कुणाची आहे आणि ती रात्री कुठे झोपते, हे आधी ठरवा, मग ती खोली मोजा. पाहुण्यांनी नाही बघितलं तरी चालेल. ठेवताना भिंतीला चिकटवून, पलंगाखाली सरकवून किंवा पडद्यामागे ठेवू नका. चारही बाजूंनी फूट-दीड फूट मोकळं हवं, नाहीतर तेही नाक दाबल्यासारखं होतं.

काही गोष्टी हे यंत्र करत नाही, आणि दुकानात त्यांचा उल्लेख होत नाही. आतला मुख्य फिल्टर हेपा जातीचा असावा. खोक्यावर 'हेपासारखा' किंवा 'हेपा टाइप' असं लिहिलं असेल तर ते नव्हे. अस्सल हेपा ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे पकडायला सगळ्यात अवघड असे कणही जवळजवळ सगळे, ९९.९७ टक्के, अडवतो. पण तो कण अडवतो, वायू नाही. वासासाठी कोळशाचा एक थर असतो, तो बहुतेक घरगुती यंत्रांत इतका पातळ असतो की रंगाचा किंवा रॉकेलचा वास त्याला पुरून उरतो. आणि कार्बन मोनॉक्साइड तर कुठलाच प्युरिफायर थांबवत नाही. थंडीत बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावून घेण्याची पद्धत अजून आहे. खोलीत प्युरिफायर आहे म्हणून तशी शेगडी ठेवली, तर जीव जाईल. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचंही तसंच. त्या वायूला वास नाही, रंग नाही, आणि यंत्राचा दिवा हिरवाच राहतो. ओझोन सोडून हवा 'ताजी' करतो असं सांगणारं यंत्रही नको. ओझोन दमेकऱ्याला बाधतो. आणि मुलाचा दम्याचा पंप यंत्र आणलं म्हणून बंद करायचा नाही, ते डॉक्टर सांगतील तेव्हाच.

त्याच खोलीत आपण काय जाळतो, तेही बघा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं, की डासांची एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असतात. आणि आपण ती लावतो कुठे, तर बाळाच्या पाळण्याखाली! इकडे कॉइल, तिकडे प्युरिफायर, म्हणजे एका हाताने सांडायचं आणि दुसऱ्या हाताने पुसायचं. त्यापेक्षा साधी मच्छरदाणी बरी. तिला वीज लागत नाही आणि फिल्टरही नाही. धूप-उदबत्ती देवघरात लावावी, पण झोपायच्या खोलीत नको. केर काढताना कोरड्या झाडूने धुळीचा लोट उडवण्यापेक्षा आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. हे काही फार शोधाचं नाही, आपल्या आज्या अंगणात सडा घालूनच झाडत.

फिल्टरचं सांगायचं राहिलं होतं. कंपन्या सहा महिने ते वर्षभर टिकतो म्हणतात, पण आपल्याकडच्या धुळीत तो आधीही भरतो. नवीन फिल्टर यंत्राप्रमाणे दीड-दोन हजारांपासून तीन-चार हजारांपर्यंत जातो, आणि लहान गावात तो लगेच मिळेलच असं नाही. यंत्र घेताना त्याच पावतीवर फिल्टरची किंमत लिहून घ्या आणि तो इथे मिळतो की मागवावा लागतो, हेही विचारा. गच्च भरलेल्या फिल्टरचं यंत्र म्हणजे नुसता आवाज करणारा डबा. त्याचा सीएडीआर खोक्यावर कितीही असो, खोलीत तो उरलेला नसतो. हप्त्यावर यंत्र घेऊन वर्षभराने फिल्टरला पैसे नाहीत म्हणून ते माळ्यावर गेलेलं मी दोन घरांत पाहिलंय. वर्षाच्या फिल्टरचे पैसे बाजूला पडणार नसतील, तर पुन्हा विचार करावा. पुढचा जाळीचा भाग मात्र आपल्यालाच पंधरा दिवसांनी झटकता-पुसता येतो. हेपा फिल्टर कधीही पाण्याने धुवायचा नाही, ही सूचना घरातल्या कामाच्या मावशींनाही सांगून ठेवा, नाहीतर एखाद्या दिवाळीत तो घासून, स्वच्छ धुऊन दोरीवर वाळत घातलेला दिसेल.

आणि एक बाई या सगळ्या हिशेबात कुठेच येत नाही, ती म्हणजे ओट्यापुढे उभी असलेली. मुलाच्या खोलीत यंत्र आलं, सासऱ्यांच्या खोलीचा विचार झाला, पण दिवसातले चार-पाच तास जी फोडणीच्या धुरात, मिरच्यांच्या ठसक्यात, पोळ्यांच्या वाफेत उभी राहते तिचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू घरातल्या धुरामुळे झाले. हा धूर प्रामुख्याने चुलीचा, शेणी-लाकडाचा, आणि तो सगळ्यात जास्त वाट्याला येतो बायकांच्या आणि लहान मुलांच्या. कधीही विडी न ओढलेल्या आपल्या आयांना विडी ओढणाऱ्यासारखा फुफ्फुसाचा आजार झालेला डॉक्टरांना दिसतो, तो यामुळे. गॅस आल्यावर खूप फरक पडला, पण तळणीचा आणि फोडणीचा धूर गॅसवरही होतोच.

तिच्यासाठी प्युरिफायर हे उत्तर नाही, बरं का. तेलाच्या वाफेने फिल्टर महिन्या-दोन महिन्यांत चिकट होऊन बसतो. स्वयंपाकघरातला धूर गाळायचा नसतो, बाहेर घालवायचा असतो. त्याला लागतो एक्झॉस्टचा पंखा, तोही मापाचा. गवंड्याने भिंतीत सहा इंची भोक ठेवलंय म्हणून सहा इंची पंखा बसवतात, आणि तो गुणगुणत राहतो. दहा बाय आठच्या स्वयंपाकघराला नऊ-दहा इंची पंखा हवा. तो शेगडीच्या जवळ आणि उंचावर हवा, दाराच्या डोक्यावर नको. नाहीतर धूर आधी तिच्या नाकापुढून जातो आणि मग बाहेर पडतो. आणि पंखा धूर बाहेर टाकेल तेव्हा तेवढी हवा आत यायला समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं लागतं. सगळं बंद करून नुसता पंखा लावला तर तो जागच्या जागी फिरतो. हा पंखा हजार-दोन हजारांत येतो, फिल्टर मागत नाही, महिन्यातून एकदा गरम पाण्याने आणि सोड्याने पुसला की झालं. घरात हवेसाठी म्हणून पैसे काढायचेच असतील तर पहिली खरेदी ही, असं मला वाटतं. प्युरिफायरचा नंबर त्यानंतर, आणि तोपर्यंत झोपायच्या खोलीची लांबी-रुंदी-उंची कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवता येईल.